टोमासाची धाप

तोतोनिकापान या डोंगरातल्या गावी बसथांब्यावर तमाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याचे उंडे, विकणाऱ्या टोमासाने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत पळायचा विचारही केला नव्हता. एका सकाळी एक म्हातारा प्रवासी तिच्या टोपलीपाशी चष्मा विसरला आणि बस सुटली. टोमासाने चष्मा उचलला, नेसूचं वर खोचलं आणि उभ्या पायवाटेने धावत सुटली. बस वळणं घेत चढत होती, तिला तिने तिसऱ्या वळणावर गाठलं.

चष्मा डोळ्यांवर चढवून म्हातारा म्हणाला, "बाई, कमाल आहे! तुम्हाला साधी धापसुद्धा लागली नाही."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. दिवसभर तिच्या मनात तेच घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बस नसताना ती त्याच वाटेने पळाली, तर अर्ध्यावरच छाती भात्यासारखी हलायला लागली. ती दगडावर टेकली.

शेजारी कॉफी विकणारी फिडेलिया खालून ओरडली, "अगं, आज कोण काय विसरलं?"

"कुणीच नाही!"

"मग चावलं काय तुला?"

"काल जमलं ते आज का जमेना, ते बघतेय!"

"बघ बाई! तमाल मात्र गार होतायत."

तिसऱ्या दिवशी ती आणखी थोडी वर पोचली. महिनाभराने तिसरं वळण मागे पडलं, तरी पहिल्या दिवशीचं कोडं सुटलं नव्हतं. आता ते सुटावं अशी तिला फारशी घाईही नव्हती.