धाकटीचे कॉल

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायची सोय राहणार नाही.

बुलढाण्यात लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी मोठी सिस्टर होते. मरणानंतर डोळे दान करायचे, ही गोष्टच तेव्हा आमच्याकडे नवी होती. आम्ही खेड्यापाड्यांत मोतीबिंदूची शिबिरं घ्यायचो. तिथं कुणी तयार झालं तर त्याचा फॉर्म भरून घ्यायचो. पुढे तो माणूस गेला की घरून निरोप यायचा, त्याला आम्ही कॉल म्हणायचो. सहा तासांच्या आत पोचायचं, घरच्यांची सही घ्यायची, डॉक्टरांनी डोळे काढायचे, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि जीप नांदुऱ्याला पिटाळायची. तिथून रेल्वेनं डोळे मोठ्या शहरात जायचे. तिकडे कुणीतरी आंधळं माणूस त्या डब्याची वाट बघत बसलेलं असायचं.

या सगळ्याची जबाबदारी माझ्यावर होती. हत्यारं उकळलेली आहेत का, बर्फ आला का, कॉलवर कुणाची पाळी, सगळं मीच बघत असे. फळ्यावर नावंही मीच लिहीत असे. आणि नाव व्हायचं ते धाकटीचं.

आमच्याकडे दोनच सिस्टर, म्हणून ती धाकटी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली. पण कॉलवर गेली की माझं एकही शिकवणं पाळायची नाही. मयताच्या घरी पुरुष बाहेर ओट्यावर बसतात आणि बाया आत. मी नियमानं चालणारी. जीपमधून उतरायचं, घरातला कर्ता पुरुष कोण ते विचारायचं, कागद पुढे करायचा. ही बया कागद जीपमध्येच ठेवायची. मागच्या दारानं आत बायांमध्ये जायची, गेलेल्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या गळ्यात पडून रडायची. खरंखुरं रडायची, हे आणखी वर. मग स्वच्छ कापूस आणि पाणी मागायची, आणि त्या बाईच्याच हातानं मयताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेववायची. "डोये वाळू देऊ नको, माय," एवढंच सांगायची. घटकाभरानं ती बाईच मुलाला आत बोलावून म्हणायची, सही कर. ओट्यावर कुरकुरणारे सगळे गप्प व्हायचे.

"नाटकं आहेत नुसती," मी डॉक्टरांना म्हणायची.

"पण सही मिळते ना, बाई?" ते हसून म्हणायचे. मला ते हसणं झोंबायचं.

एकदा एका बौद्ध मास्तरांच्या घरचे लोक आईच्या पुण्यानुमोदनाचं बोलावणं घेऊन आले. त्या माउलीचे डोळे आम्हीच नेले होते. त्यांनी धाकटीला हात जोडून सांगितलं, तुम्ही यायलाच पाहिजे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हीही या. त्या 'ही'नं माझा आठवडा नासवला. त्या दिवशी बर्फासाठी गावभर मी हिंडले होते, जीप मी मिळवली होती. हिनं काय केलं होतं, तर रडली होती!

पुढच्या महिन्याच्या पाळ्या लिहिताना मी कॉलच्या रकान्यातून तिचं नाव काढून टाकलं. वॉर्डात काम वाढलंय, असं कारण सांगितलं. ती फक्त "बरं, मोठ्या बाई" म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात धाडचा कॉल आला. तिथले एक म्हातारे पोस्टमन सकाळीच गेले होते. शिबिरात त्यांनी सगळ्यांत आधी अंगठा पुढे केला होता, आणि सही येते हे आठवून स्वतःच हसले होते. त्यांच्या बायकोनं कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून घेऊन एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती. तिच्यात लिहिलं होतं, कापूस शिकवणाऱ्या सिस्टरबाईंना घेऊन या.

शिबिरातही हिनं कापूस शिकवून ठेवला होता! धाकटी तेव्हा वॉर्डात पट्ट्या बदलत होती, माझ्यापासून तीस पावलांवर. मी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली, बर्फाचा डबा उचलला आणि डॉक्टरांच्या शेजारी जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत मला चक्क उत्साह वाटत होता. आज दाखवतेच, असं मनात चाललं होतं.

धाडला बाजाराचा दिवस होता, गर्दीतून जीप काढता काढता दुपार झाली. ओट्यावर पुरुष दाटीवाटीनं बसले होते. मी थोरल्या मुलापुढे कागद धरला. तो वाचत होता तेवढ्यात त्याचा काका म्हणाला, "आंधयाच धाडता काय त्याले वरते?"

"बाबानं भरला असन फारम," मुलगा म्हणाला. "आमच्यानं नाही होत, बाई."

मी त्यांना नियम सांगितला, सहा तास सांगितले, शहरातला रोगी सांगितला. मी जितकं बोलले तितके ते ताठ होत गेले. आतून बायांच्या रडण्याचा आवाज येत होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "एकदा आत जाऊन बघता का?"

"मी दारोदार रडायला नाही आलेली," मी म्हटलं.

आम्ही परत फिरलो. दवाखान्यात आल्यावर बर्फ मोरीत ओतला आणि वहीत लिहिलं, नातेवाइकांचा नकार.

तेरावं झाल्यावर पोस्टमनची म्हातारी बायको एसटीनं बुलढाण्याला आली. विचारत विचारत वॉर्डात शिरली आणि थेट धाकटीपुढे जाऊन उभी राहिली. मी पलीकडच्या खाटेशी औषधांचा ट्रे घेऊन उभी होते.

"तू काऊन नाही आली व माय?" म्हातारी म्हणाली. "चिठ्ठी धाडली होती तुले. त्यायले उचलेपर्यंत मी कापूस ओला करत बसली. बाहेर कोन आलतं, काय बोलनं झालं, मले कोनी सांगतलंच नाही. पोराले म्या एक डाव म्हनलं असतं तं त्याची काय छाती होती नाही म्हनाची! एवढं एकच मांगनं होतं त्यायचं. तुह्यानं तेवढंही झालं नाही?"

धाकटीनं ती चिठ्ठी कधी पाहिलीच नव्हती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं, हे मला दिसलं.

"चुकलं माय माहं," ती म्हणाली.

म्हातारीनं तिला आणखी बोलून घेतलं. दोन बुक्क्याही मारल्या खांद्यावर. मग त्याच खांद्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली, आणि धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

चिठ्ठी माझ्याकडे आली होती, एवढंच मला म्हणायचं होतं. दोन पावलांचं अंतर होतं. मी ट्रे धरून उभी राहिले. लाज वाटली ती नंतर, आणि ती अजून वाटते. पण त्या घटकेला माझ्या मनात आलं ते वेगळंच होतं, आणि ते लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. ती बोलणी माझ्या हक्काची होती, आणि तीसुद्धा तिलाच मिळाली.