काविळीचं मूळ

कॅप्सूलची बाटली उघडली की येणारा कडवट वास मला आजही मालवणच्या आमच्या पडवीत नेतो. मी शाळकरी पोर, विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर बाबांना सांगत होते, “गुणाचं औषध एकच, पण फार महाग. एका परदेशी कंपनीचा हक्क आहे. कृती छापलेली आहे, पण इथे दुसऱ्या कुणी ते बनवायचं नाही, असा कायदा आहे.” शेजारची काकी माझ्यासाठी पेज घेऊन आली होती. ती गावाला काविळीचं मूळ फुकट द्यायची, पण नाव सांगितलं तर गुण जातो म्हणून मूळ कसलं ते कुणाला कळू देत नसे. पेज खाली ठेवत ती म्हणाली, “माझा मूळ मी कोणाक सांगणंय नाय, पण दारात इलेल्याक कधी नाय म्हणूक नाय. ह्या कंपनीवाल्यांनी कृती सांगल्यानी सगळ्यांका, आणि औषध देवचा मात्र नाय. ह्यो खंयचो कायदो, डॉक्टरानू?” डॉक्टर उठले. संध्याकाळी, स्वतःच्या घरासाठी राखून ठेवलेली त्याच औषधाच्या कॅप्सूलची बाटली त्यांनी आमच्याकडे पाठवली. देशाचा कायदा बदलायला पुढे बरीच वर्षं लागली. आमच्या पडवीत तो त्याच दिवशी बदलला होता.