गोळ्यातली केळी

आमचा ट्रक रडायचा. अर्धापुराहून केळी भरून निघाला की चौथ्या गिअरला त्याच्या मागच्या बाजूनं असा सूर लागायचा की वाटेतली कुत्री उठून बसायची. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की सूर बंद आणि खडखड सुरू. आमच्या ह्यांनी मागचं चाक जॅकवर उचललं, खाली शिरून शाफ्ट हातानं हलवला आणि तोंड वाकडं करून बाहेर आले. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याला हे डिफरन्शियल म्हणतात, त्याच्या आतली दातेरी चाकं झिजली होती.

"आता ही गाडी विकूनच टाकतो," हे म्हणाले. विकायच्या आधी त्यांनी गोळ्याचं बूच काढलं आणि पिकलेल्या केळ्यांची एक फणी सोलून कुस्करून आत ढकलली. ट्रक गप्प झाला. लोणी लावल्यासारखा चालायला लागला.

माझं डोकं फिरलं. "लाज न्हाई वाटत? आमच्या माहेरी असले धंदे न्हाईत. आमच्या दादानं उभ्या जन्मात कुणाला फसवलं न्हाई!" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूरला त्याचाही ट्रक होता. त्याचं नाव काढलं की हे गप्प बसायचे, म्हणून मी ते जरा जास्तच काढायचे.

आणि नेमका दादाच दारात आला. त्यानं स्वतःचा ट्रक नुकताच विकला होता. ह्यांच्यासोबत जेवायला बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, तुमची गाडी मीच घेतो. घरातली गाडी, बघायचं काय त्यात?"

ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "न्हाई दादा, ब्रेक कमजोर हायेत."

"करून घेऊ."

"डिझेल लई खाते."

"खाऊ द्या."

"तिचा पायगुणच बरा न्हाई हो!"

दादानं ताट सरकवलं. "द्यायची न्हाई असं सरळ सांगा की दाजी. परक्याला द्याल, पण बायकोच्या भावाला न्हाई. चाललो मी." आणि तो खरंच उठला. आई-वडील गेल्यावर मला माहेर म्हणून तेवढा एकच माणूस उरला होता. तो उंबऱ्यापर्यंत पोचला.

"दादा," मी ओरडले, "आत केळी हायेत!"

दादा थबकला. मग त्यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि ट्रकखाली शिरला. बूच काढल्यावर घमेल्यात आलं ते निव्वळ शिकरण होतं. काळं, दाट आणि लोखंडाच्या कणांनी चमचमणारं.

नांदेडहून नवी दातेरी चाकं आणली. एकटं बदलून चालत नाही म्हणे, जोडीच घ्यावी लागते. बेअरिंगही नवी आणली. दात नीट बसतात का हे बघायला दोघांनी त्यांना तेलात कालवलेला शेंदूर फासला, फिरवून बघितलं, पत्र्याच्या चकत्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेजारची म्हातारी मारुती समजून लांबूनच हात जोडून गेली. मी चहा देता देता एकही संधी सोडली नाही. "बघा जरा आमच्या दादाकडं. शिका काहीतरी." हे मान खाली घालून पाना फिरवत राहिले.

शेवटी ट्रक फाट्यापर्यंत जाऊन आला. ना सूर, ना खडखड. दादानं हात पुसले आणि सहज विचारलं, "दाजी, केळी किती टाकली होती?"

"एक फणी."

"कमी पडली असती. लातूरच्या वाटेत लोह्यालाच रडायला लागली असती ती." दादानं सदरा अंगात घातला. "मी माझ्या गाडीत दोन टाकल्या. उदगीरचं गिऱ्हाईक खुशीत घेऊन गेलं."

मी घमेलं उचलून उगाच परसात नेऊन ठेवलं. इतकी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

परत आले तेव्हा हे ओट्यावर ऐसपैस बसले होते. कितीतरी वर्षांनी त्यांची मान इतकी ताठ दिसली.

"अगं," ते म्हणाले, "तुझे दादा आलेत. आज शिकरण कर की."