पांढऱ्या शर्टातला वेल्डर

मार्च १९८४, रविवार. माजरीच्या खाणपट्ट्यातलं आमचं वर्कशॉप. हजर: मालक, फिटर शंकर, मी म्हणजे आर्क वेल्डर, आणि रगडूभाऊ. चौघांत एकट्या रगडूभाऊंचा शर्ट पांढरा, इस्त्रीचा. वेल्डिंग करणारा माणूस तसला शर्ट घालून कामावर येतो, हे मला एकदाही सहन झालं नाही. माझ्या एकूण एक शर्टाला ठिणग्यांनी भोकं पाडलेली.

भाऊंना माझ्यासारखी डोळ्यांपुढची काळी काच लागत नसे, विजेने वितळणारी कांडी लागत नसे. सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या ड्रिलचे मोडके रॉड ते जुन्या लेथवर जोडत. एक तुकडा चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, गरगर फिरायचा, दुसरा समोर गच्च धरलेला. जॅकने तो फिरत्या तोंडावर दाबायचा. घासून घासून दोन्ही तोंडं लाल होत, मऊ पडत, पण वितळत नसत. मग भाऊ लेथ एकदम थांबवत आणि दाब वाढवत. मऊ लोखंड सांध्याभोवती दुमडून बाहेर येई. ते तिला झालर म्हणत. घासण्यावरूनच त्यांचं नाव रगडूभाऊ पडलं.

"हे झालर काऊन येऊ देता?" शंकरने विचारलं.

"गंज, मैल, सारा तिच्यातून भायेर पडते. पयले मैल निंगू दे, मंग गळाभेट."

हे वाक्य शंकरने सख्ख्या भावाशी समेट करताना वापरलं. मालक ते गिऱ्हाइकांना ऐकवत. मी त्याच छपराखाली भाऊंच्या आधीपासून बोलत होतो; माझं एकही वाक्य कुणी घरी नेलं नाही.

त्या रविवारी ठरायचं होतं की रॉडचं काम यापुढे कुणाकडे. ते काम मुळात माझं होतं. त्यावरच मला वर्कशॉपचा पहिला हात म्हणत. मालकांनी माझा एक रॉड आणि भाऊंचा एक रॉड प्रेसवर वाकवायला सांगितलं. माझा आधी लावला. थोडा वाकला आणि काडकन तुटला.

"जोड पाहा मालक! जोड साबूत आहे. बाजूचं लोखंड तुटलं," मी ओरडलो.

"ठिनगीभाऊ," रगडूभाऊ म्हणाले. हे नाव त्यांनीच मला दिलेलं. "घर साबूत हाय अन् आंगन वाहून गेलं, त राह्यचं कुठी?"

शंकर इतका हसला की त्याला प्रेसचा दांडा सोडावा लागला. भाऊंचा रॉड मात्र धनुष्यासारखा वाकला आणि सांधा जसाच्या तसा. मग त्यांनी मला समजावलं, तेही सगळ्यांसमोर: आर्कने लोखंड वितळतं, शेजारचा मोठा पट्टा तापतो, आणि हे कडक पोलाद गार होताना तिथे ठिसूळ होतं. घासण्याची आच थोडक्या जागेत, थोडका वेळ. सगळं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला. रॉडचं काम भाऊंकडे गेलं.

घरी तरी सुटका असावी! एकदा ते जेवायला आले. "जयभीम बाई," म्हणून चुलीपाशीच बसले, जवसाच्या चटणीचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून माझी बायको विमल मला दोन डबे देऊ लागली.

"त्यायचं घर तिकडं ब्रह्मपुरीले. एकटे राह्यतात," ती म्हणाली.

"मीही कामावर एकटाच असतो."

"तुमचा शर्ट पाह्यला का? त्यायचा पाहा."

पुढे त्यांना नागपूरकडच्या मोठ्या कारखान्याने बोलावलं. मशीन कुणाला द्यायचं, मालकांनी विचारलं, तर म्हणाले, "ठिनगीभाऊले द्या. जळते तो, पन शिकते." मला हा उपकार नको होता. तरी ते जाण्याआधी मी त्यांच्याकडून शिकलो. माझे पहिले सांधे मुरगळून फाटले, कारण लेथ रेंगाळत थांबे आणि धरू लागलेला जोड मीच पिळत असे.

"तुमाले चालू करता येते, थांबता येत नाई," ते म्हणाले. "पुरा थांबा. मंग दाबा."

आता विमलशी भांडतानासुद्धा मला हेच आठवतं.

ते गेले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं: माझा रॉड त्यांच्या रॉडशेजारी पुन्हा प्रेसवर लावायचा, आणि भाऊंना समोर उभं करून. त्यांना दाखवण्याजोगा सांधा जमायला काही वर्षं गेली. गेल्या दिवाळीत तो साधला. भाऊंच्या घरी ब्रह्मपुरीला निरोप धाडला. उलट निरोप आला की भाऊ भात कापणीच्या आधीच वारले. विमल रडली, दोन दिवस धड जेवली नाही. माझ्यासाठी ती इतकी रडेल का, हे मी तेव्हाही मोजून पाहिलं.

त्यांनी जोडलेला एक रॉड मालकांकडे आहे, माझा माझ्या कपाटात. शंकर म्हणतो, "लावा ना आता दोन्ही. कोन अडवून राह्यलं?"

कुणीच नाही. रोज सकाळी मी ते काम पहिलं धरतो, आणि संध्याकाळी रॉड न लावताच प्रेस पुसून घरी येतो.