अंबुबाईंचं न रडणं

बसवनगुडीजवळच्या एका थिएटरात अंबुबाई बायकांच्या दारावर तिकिटं फाडायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं बंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांची एकुलती एक लेक सत्यवती सहाव्या वर्षी, एकावन्न साली, घटसर्पानं गेली. त्या दिवशी अंबुबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पोरीला नेल्यावर त्या तिचा उसवलेला परकर घेऊन टाके घालत बसल्या.

"काळीज आहे का धोंडा?" जाऊ कस्तुराबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. तो शब्द आत रुतून बसला. नवरा खंडोजी तर पोरीचं नावही घेईनासा झाला.

अठ्ठावन्न साली एक कन्नड सिनेमा लागला. त्यातल्या आईचं मूल जातं आणि ती कपाळ बडवते, केस मोकळे सोडून रस्त्यावर धावते, देवळाच्या पायरीवर कोसळून गाणं म्हणते. बायका हुंदके देऊन रडायच्या. अंबुबाई दाराच्या पडद्याआडून रोज पाहायच्या. आई म्हणजे ही. मग मी कोण, असं त्यांना वाटायचं.

एका दुपारी नेमकं ते गाणं चालू असताना एक तरुण बाई बाहेर येऊन पायरीवर बसली.

"नीरु बेका?" अंबुबाईंनी पाणी हवं का विचारलं.

"नको गं बाई," ती मराठीत पुटपुटली.

"आपल्यातलीच आहेस की! काय झालं?"

तिचं नाव अनुसूया. चार महिन्यांपूर्वी तिचं तान्हं बाळ गेलं होतं. "मला रडूच येत नाही, अक्का. हा सिनेमा पाहून मोकळी होशील म्हणून सासूबाईंनी आणलं. पण ती पडद्यावरची रडायला लागली आणि मला वाटलं, माझ्यातच काही खोट आहे."

अंबुबाई तिच्याशेजारी टेकल्या. "माझी गेली, तेव्हा मी तिचा परकर शिवत बसले होते." सात वर्षांत हे त्या पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या.

"का?"

"उसवला होता. तसाच कसा ठेवायचा?"

अनुसूयेनं मान हलवली. "मी त्याचं अंगडं अजून धुतलं नाही. वास जाईल."

आत गाणं चालूच होतं. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. सासूबाई शोधत बाहेर आल्या, तेव्हा अंबुबाई उठून म्हणाल्या, "हिला घरी न्या. रड म्हणून मागे लागू नका. हिनं काही कमी माया केली नाही." सासूबाईंनी सुनेचा हात धरला.

संध्याकाळी खंडोजीला वाढताना अंबुबाई म्हणाल्या, "आज एकीला आपल्या सत्यवतीचं सांगितलं."

त्याचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "मला नावानंच हाक मारायची. माझ्या आईचं ऐकून. 'खंडू, इकडे ये.'"

"आणि तुम्ही जायचात!"

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. अंबुबाई ताटाशी बसून राहिल्या. त्यांना तेव्हाही रडू आलं नाही, पण त्याची लाजही वाटली नाही.