प्रमोदिनीने नुसते ओठ हलवले

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका चर्चच्या गायनवृंदात प्रमोदिनी राजवाडे कित्येक वर्षं गात होती. लहानग्या लेकीला, सियालाही तिनेच तिथे नेलं होतं. आता सिया त्याच वृंदाची संचालिका झाली होती.

तीनशे वर्षांपूर्वीच्या मॅग्निफिकाट या लॅटिन स्तोत्राची शेवटची तालीम सियाने मध्येच थांबवली. "फ्राउ राजवाडे, तुमचा सूर उतरतोय," ती सर्वांसमोर आईला जर्मनमध्ये म्हणाली. "उद्याच्या कार्यक्रमात नुसते ओठ हलवा."

"मग मी येतच नाही," प्रमोदिनी मराठीत पुटपुटली.

"या. पेपरात फोटो यायचाय. साडी नेसून पुढे उभ्या राहा."

प्रमोदिनी गेली आणि शेवटपर्यंत मुकाट्याने ओठ हलवत राहिली.

दोन दिवसांनी सियाचा फोन आला. तुझ्या जागी नवी बाई येतेय, गाण्याची प्रत परत हवी.

प्रमोदिनीने ती त्याच संध्याकाळी नेऊन दिली.