लुमिंगचा लेक जहाजावरून येईपर्यंत

इल्युमिनादा हे भारदस्त नाव फक्त चर्चच्या वहीत. फिलिपिन्समधल्या मोलो गावच्या बाजारात तिला सगळे लुमिंगच म्हणत. नवरा गेला तेव्हा मुलगा रोडेल अजून शाळेत होता. मग तिनं गावाच्याच नावाचं सूप घरी करून विकायला घेतलं. मैद्याच्या पातळ पारीत डुकराचं मांस नि कोळंबीचं सारण भरायचं, मुरड घालायची आणि कोंबडीच्या रश्शात सोडायचं. त्यावर रोडेल शिकला नि इलोइलो प्रांतातल्या कितीतरी पोरांसारखा जहाजावर नोकरीला गेला.

गावच्या चर्चमधल्या सांता आनाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी लुमिंग पाऱ्या भरत बसली होती. सून मारिबिक फोन हातात घेऊन दारात उभी राहिली. तोंड पांढरंफटक.

"नानाय," ती सासूला म्हणाली, "रोडेलचं जहाज पकडलंय."

"कुणी? पोलिसांनी?"

"चाच्यांनी. आफ्रिकेकडं. कंपनीचा माणूस म्हणाला, सगळे जिवंत आहेत. फोन मोकळा ठेवा."

लुमिंगचे हात थांबेनात. तबक भरल्यावर तिच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण सारण न घालताच पाऱ्या मुडपतोय.

त्यानंतर घरात फोनचीच दहशत बसली. वाजला की दोघी एकमेकींकडे बघत, उचलायचा कुणी; नाही वाजला तर जीव टांगणीला. शेजारीपाजारी प्रार्थनेला जमत. आलेल्याला विन्मुख कसं पाठवायचं, म्हणून लुमिंग रोज सूप चढवी; स्वतःची वाटी मात्र तशीच परत पातेल्यात ओती.

"रोडेल शाळा चुकवून पळायचा, तेव्हा कुणाच्या बापाला सापडायचा नाही," शेजारची पात्रिंग एकदा धीर द्यायला म्हणाली. "बघ, चाचेच कंटाळतील आणि म्हणतील, घेऊन जा बाई तुझं हे कार्टं!"

कुणी हसलं नाही. पात्रिंगच सुपाची वाटी हातात घेऊन रडायला लागली.

एका दुपारी फोन वाजला. मारिबिक मागच्या अंगणात होती. लुमिंगनं पिठाच्या हातानंच उचलला.

"नानाय, मी बोलतोय." आवाज त्याचाच, पण म्हाताऱ्यासारखा. मागून कुणीतरी परक्या भाषेत खेकसत होतं. "कंपनीला सांग, खंडणीचं लवकर करा. हे लोक..."

"खाल्लंस का रे?" तिच्या तोंडून हेच निघालं.

"हो," तो म्हणाला. खोटं होतं, तिला कळलं. मग फाटकन काहीतरी वाजलं आणि फोन बंद पडला.

ती बंदूक होती की दार आपटलं, हे तिला कळलं नाही. मारिबिकलाही तिनं तो आवाज सांगितला नाही. एकटीच तो घेऊन उठत बसत राहिली. बाजारात कुणी फटाका लावला तरी ती भिंत धरून उभी राही.

पाऊस सरून नाताळचे कंदील लागले, तेव्हा कंपनीनं खंडणी भरली नि रोडेल सुटून घरी आला. गालाची हाडं वर आलेली, पाठ सतत भिंतीला. मारिबिक त्याचा हात सोडत नव्हती. लुमिंगनं सूप केलं, वर तळलेला लसूण नि पातीचा कांदा घातला. वाढताना पातेल्यावरचं झाकण तिच्या हातून निसटलं आणि फरशीवर खणखणत पडलं.

रोडेल खुर्चीवर नव्हता. टेबलाखाली अंगाचं मुटकुळं करून, दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता.

"उठ ना रे, घरी आहेस तू," मारिबिक रडत म्हणाली.

"राहू दे त्याला, इंदाय, पोरी," लुमिंग सुनेला म्हणाली.

ती गुडघे धरत खाली बसली आणि वाटी घेऊन टेबलाखाली सरकली. मग चमच्यानं एक घास त्याच्या ओठांपाशी नेला.

"ते गेले का?" त्यानं विचारलं.

"इथं कुणी नाही. मी आहे आणि तुझी बायको."

त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि तोंड उघडलं.

हल्ली तो धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. टेबलावर बसून जेवतो, हसतोही. परवा मात्र जेवता जेवता म्हणाला, "कंपनी परत बोलावतेय, नानाय." मारिबिक ताटातच बघत राहिली. लुमिंगनं "आधी जेव" एवढंच म्हटलं आणि टेबलाखाली त्याचं मनगट घट्ट धरलं.